पापणी लागेपर्यंत : जीबीएस आणि आईचे डोळे

२०२५च्या संक्रांतीला, १४ जानेवारीला, आईने तिळाच्या वड्या स्वतःच्या हाताने थापल्या होत्या. त्याच्या आठवडाभर आधी तिला दोन दिवस जुलाब झाले होते. मीठ-साखरेचं पाणी, ताकभात, आणि बरं वाटलं. आम्ही पुण्यात धायरीत राहतो. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत आणखी तिघाचौघांची पोटं बिघडली होती. पोट बिघडलं तर कोण तारीख लिहून ठेवतं? पण पुढे प्रत्येक डॉक्टरने पहिला प्रश्न तोच विचारला : जुलाब नेमके कधी झाले?

१७ तारखेला, शुक्रवारी, ती म्हणाली, "पायाला मुंग्या येतायत गं." दुपारी चप्पल पायातून निसटली ती तिला कळलीच नाही. फॅमिली डॉक्टरांनी बी-१२चं इंजेक्शन दिलं. शनिवारी जिन्यात गुडघा दुमडला. रविवारी सकाळी देवपूजा करून पाटावरून उठता येईना आणि दुपारी कणकेची परात हातातून सटकली. आई ६२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, रोज तीन किलोमीटर चालणारी. तीन दिवसांत ही अवस्था बघून माझ्या पोटात गोळा आला. संध्याकाळी गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी हातोडीने गुडघ्यावर ठोकून पाहिलं. पाय हलला नाही. दुसरा गुडघा, घोटे, कोपर, काहीच नाही. त्यांनी लगेच न्यूरॉलॉजिस्टना बोलावलं. ते आले आणि त्यांनी आईला एक विचित्र काम सांगितलं : "काकू, खोल श्वास घ्या आणि एका दमात जितके जमतील तितके आकडे मोजा." आई वर्गात पाढे म्हणवून घ्यायची त्याच सुरात मोजत २४पर्यंत गेली. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला आणि मला बाजूला नेऊन सांगितलं, "गुइलेन-बॅरे सिंड्रोम वाटतोय, जीबीएस. पोटातल्या किंवा घशातल्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पायापासून वर चढतो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर व्हेंटिलेटर लागेल. म्हणून हा आकडा दर चार तासांनी मोजायचा."

सोमवारी एनसीव्ही झाली, म्हणजे नसांमधून विजेचा झटका किती वेगाने जातो ते बघायची तपासणी. पाठीतलं पाणीही काढलं. पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा मला वाटलं, निदान चुकलं, सुटलो. पहिल्या आठवड्यात तो नॉर्मल येऊ शकतो, प्रोटीन नंतर वाढतं, असं डॉक्टरांनी समजावलं. तुमच्यावर ही वेळ आली तर त्या एका नॉर्मल कागदावर आशा बांधू नका आणि उपचारही लांबवू नका.

त्याच रात्री आयव्हीआयजी सुरू झालं. रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या इम्युनोग्लोब्युलिनच्या त्या बाटल्या असतात. मात्रा वजनावर ठरते, किलोला रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. आईचं वजन ५८ किलो, म्हणजे रोज ५ ग्रॅमच्या पाच बाटल्या. आम्हाला एक बाटली साडेअकरा हजारांना पडली. २५ बाटल्यांचे २ लाख ८७ हजार ५००. दुसरा पर्याय प्लाझ्मा बदलण्याचा असतो. गुण दोन्हींचा सारखाच येतो, पण आमच्याकडे आयव्हीआयजी लगेच सुरू होण्यासारखं होतं. स्टेरॉइड का देत नाही, असं मी विचारलं होतं. या आजारात त्याचा उपयोग होत नाही.

विमा माझ्या कंपनीचा, आई-वडिलांसह ५ लाखांचा. टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर पहिल्याच दिवशी 'क्वेरी' आली : आयव्हीआयजीची गरज का, ते डॉक्टरांच्या लेटरहेडवर द्या, सोबत एनसीव्हीचा रिपोर्ट जोडा. ती पूर्ण करायला दीड दिवस गेला. औषध तोवर थांबवता येत नव्हतं, म्हणून आधी पैसे भरले. एक सांगते. आजार सांगितला त्या क्षणापासून प्रत्येक रिपोर्टचा फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नावात तारीख घाला. मला तो फोल्डर पन्नास वेळा तरी उघडावा लागला. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. हॉस्पिटल योजनेत आहे का तेही तेव्हाच विचारा. आम्ही घाईत रोख पैसे भरून दाखल झालो. नंतर वळवून घेणं जमलं नाही.

मंगळवारी, २१ तारखेला, चहा आईच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. आधी एका बाजूने, संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंनी. चेहऱ्याच्या दोन्ही नसा गेल्या होत्या. "आई, डोळे मिट," म्हटलं की बुबुळ वर सरकायचं, पापणी मात्र जागची हलायची नाही, आणि खाली पांढऱ्याची पट्टी तशीच उघडी राहायची. बुधवारी सकाळी आकडा १५ होता, दुपारी १२, रात्री आठला ९. साडेआठला तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. आत नेताना तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे मला अजून कळलेलं नाही, कारण चेहऱ्यावर काही उमटतच नव्हतं.

याच सुमारास पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढल्याच्या बातम्या यायला लागल्या. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळी आमच्याच आसपासची नावं. दूषित पाण्याची चर्चा, काही रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू, सरकारी पथकं. महिनाअखेरीस कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची घोषणाही झाली, पण आई तोवर व्हेंटिलेटरवर होती आणि तिला हलवणं धोक्याचं होतं. नवऱ्याने पहिल्याच दिवशी घरची पाण्याची टाकी रिकामी करून घासली. पाणी उकळायला लागलो. माझा मुलगा नऊ वर्षांचा. तो रात्री झोपण्याआधी स्वतःच्या पायांना चिमटे काढून बघायचा.

आयसीयूत भेटायची वेळ सकाळी ११ ते ११.२० आणि संध्याकाळी ५ ते ५.२०. आत एकच माणूस. दादा नाशिकहून आला होता. सकाळ माझी, संध्याकाळ त्याची. सगळ्यांचं लक्ष मॉनिटरवर. जीबीएसमध्ये बीपी आणि नाडीही वर-खाली उड्या मारतात. एकदा बीपी १९०, तासाभरात ९०. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर इंजेक्शन, पायात घट्ट मोजे, दर दोन तासांनी कूस बदलणं, नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब, लघवीची नळी. हे सगळं वेळच्या वेळी होत होतं, आणि त्याबद्दल मी त्या लोकांची ऋणी आहे.

डोळे मात्र कुणाच्याच वाट्याला आलेले नव्हते. न्यूरॉलॉजिस्ट नसा बघत होते, आयसीयूचे डॉक्टर श्वास बघत होते. डोळ्यांवर कुणीतरी गॉजचे चौकोन ठेवून वरून चिकटपट्टी लावली होती. २७ तारखेला पट्टीचा कोपरा सुटलेला दिसला म्हणून मी गॉज उचललं. खाली उजवा डोळा सताड उघडा, लालभडक, कडेला पिवळट घाण, आणि गॉजचा एक धागा थेट बुबुळावर चिकटलेला. मला रडू आलं. तिला दुखत असणार. भान पूर्ण होतं तिला. जीबीएस मेंदूला हात लावत नाही. ती सगळं ऐकत होती, सगळं सोसत होती, आणि सांगायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

मी तक्रार केली तेव्हा आवाज चढला माझा. त्या वेळी ड्यूटीवर लातूरकडच्या एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी मला गप्प केलं नाही की सारवासारवही केली नाही. धागा सलाइनने भिजवून अलगद काढला, टॉर्च लावून दोन्ही डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, हे व्हायला नको होतं. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना कॉल टाकते."

दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञ आले. औषध लावलेली एक केशरी कागदी पट्टी त्यांनी भिजवून खालच्या पापणीच्या आत टेकवली आणि निळा दिवा मारला. उजव्या बुबुळाच्या खालच्या भागात हिरवी चमकणारी आडवी पट्टी दिसली. डाव्या डोळ्यात नुसते ठिपके. "जिथे हिरवं दिसतंय तिथे वरची त्वचा गेलीय," ते म्हणाले. "आपण मिनिटाला पंधरावीस वेळा पापणी मिटतो, तेव्हा अश्रूंचा थर पसरतो. तेच बंद पडलंय. पापणीमागे बुबुळ वर जातं म्हणून वरचा भाग वाचला. जखमेत जंतू शिरले तर डोळा जाईल." स्पर्शाची जाणीव शाबूत आहे का, हे त्यांनी कापसाच्या पिळलेल्या टोकाने पाहिलं. होती. ती नसती तर धोका दुप्पट, असं ते म्हणाले.

त्यानंतर सिस्टरांनी जी घडी बसवून दिली ती मी पुढे पाच महिने पाळत आले, म्हणून सविस्तर लिहिते. आधी साबणाने हात. मग निर्जंतुक गॉज सलाइनमध्ये भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं. एक गॉज, एक फेरा, मग ते टाकायचं. दुसऱ्या डोळ्याला नवं. कोरडा कापूस डोळ्याजवळ न्यायचाच नाही, तंतू सुटतात. थेंब बुबुळावर टाकायचे नाहीत. खालची पापणी बोटाने ओढली की खळगा होतो, त्यात एक थेंब पुरे, आणि बाटलीचं टोक कशालाही लागता कामा नये. अँटिबायोटिकचा थेंब आणि कृत्रिम अश्रूंचा थेंब यांत पाच मिनिटांचं अंतर. मलम सगळ्यांत शेवटी, कारण मलमाच्या थरावरून थेंब ओघळून जातात. दिवसा दर तासाला अश्रूंचे थेंब, तेही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, कारण इतक्या वेळा टाकायचे तर टिकाऊपणासाठी घातलेलं रसायनच डोळ्याला झोंबतं. रात्री मलमाची जाड रेघ, मग पापणी बोटाने खाली आणून ती पूर्ण मिटलीय हे बघायचं, आणि वरच्या पापणीवर मायक्रोपोर या कागदी चिकटपट्टीची आडवी पट्टी. गॉजचा पॅड उघड्या डोळ्यावर कधीच नाही. आतल्या आत पापणी उघडते आणि गॉज बुबुळाला घासत राहतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडे पाहिली. गळ्यातल्या नळीतून कफ ओढायच्या आधी त्या आईचे डोळे झाकायच्या आणि डोक्यामागे उभ्या न राहता बाजूला उभ्या राहायच्या. कफाचे तुषार उडतात, त्यातले जंतू जखमी डोळ्यात गेले तर आवरत नाहीत. त्यांनी खाटेच्या डोक्याशी हाताने लिहिलेला कागद चिकटवला : 'सक्शनपूर्वी डोळे झाका.' तीनही पाळ्यांतल्या लोकांनी तो पाळला.

३ फेब्रुवारीला गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमी केली. तोंडातली नळी निघाली आणि आईचा चेहरा पुन्हा आईसारखा दिसायला लागला. आता बोलायचं कसं हा प्रश्न होता. पापणी मिटून हो-नाही सांगता येतं असं सगळे म्हणतात, पण इथे पापणीच चालत नव्हती. बुबुळं मात्र हलत होती. सिस्टर म्हणाल्या, "वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही." मी मुलाच्या प्रोजेक्टच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने अक्षरं लिहून नेली : पहिल्या ओळीत स्वर, मग क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, शेवटी य-र-ल-व. मलमामुळे तिला पुठ्ठा धूसर दिसायचा, म्हणून मी ओळी मोठ्याने म्हणायची. स्वर? क-वर्ग? जिथे बुबुळं वर जातील तिथे थांबायचं, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर.

तीस वर्षं पहिलीच्या मुलांना मुळाक्षरं गिरवायला शिकवलेल्या माझ्या आईने ५ फेब्रुवारीला पहिलं अक्षर सांगितलं : प. मग कितीतरी वेळ गेला. क-वर्ग. क? नाही. ख? बुबुळं वर.

"पंखा!" मी जवळजवळ ओरडलेच. तिच्या खाटेसमोर भिंतीवर एक पंखा होता, एसी असूनही कुणीतरी एकवर लावून ठेवलेला. मी धावत जाऊन तो तीनवर केला. परत आले तर तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. मला वाटलं, इतक्या दिवसांनी कुणाला तरी काही सांगता आलं म्हणून भरून आलंय. मी तिचा हात धरून उभी राहिले, हसत. बुबुळं खाली गेली. पुन्हा खाली. पुन्हा खाली.

सिस्टर पलीकडच्या खाटेवरून म्हणाल्या, "पंखा हवाय का नकोय, विचारलंत का?" मी वाकून विचारलं, "आई, बंद करू?"

बुबुळं इतकी वर गेली की नुसतं पांढरं दिसलं.

पंधरा दिवस तो वारा तिच्या उघड्या डोळ्यांवर येत होता. त्या दिवसापासून पंखा बंद, आणि एसीची झोत-पट्टीही दुसरीकडे वळवली. तिच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरांत 'नो फॅन' लिहिलं गेलं. आणि सिस्टर तिला 'आजी'ऐवजी 'बाई' म्हणायला लागल्या.

डावा डोळा भरून येत होता, उजवा नाही. १२ फेब्रुवारीला नेत्रतज्ज्ञांनी उजव्या डोळ्याची कड शिवायचं ठरवलं. टार्सोरॅफी म्हणतात त्याला. बाहेरच्या बाजूचा तिसरा हिस्सा वरच्या-खालच्या पापण्यांना टाका घालून जोडायचा, म्हणजे उघडी फट कमी होते. नस परत आली की टाके काढता येतात. संमतीपत्र माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, सही मी करीन, पण आधी तिला विचारू या. डॉक्टर खाटेशी वाकले आणि तिला शांतपणे सगळं सांगितलं, भुलीचं इंजेक्शन टोचेल हेसुद्धा. मग विचारलं, "बाई, करू का?" तिने थोडा वेळ घेतला. मग वर पाहिलं. खाटेवरच वीस मिनिटांत झालं. सहा हजार रुपये.

त्याच आठवड्यात पैशांचं दुसरं एक प्रकरण निस्तरावं लागलं. विम्याचे ५ लाख संपले होते. आईची ४ लाखांची ठेव एकट्या तिच्याच नावावर, आणि तिला पेन धरता येत नव्हतं. बँकेत पहिल्या खेपेला उत्तर मिळालं की खातेदार आल्याशिवाय काही होणार नाही. दुसऱ्या खेपेला मी शाखाधिकाऱ्यांनाच भेटले. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रुग्ण शुद्धीवर आहे आणि तिला व्यवहार समजतो, असं डॉक्टरांचं पत्र मी नेलं. एक अधिकारी दुपारी आयसीयूत आले, गाउन घालून. त्यांनी तिला रक्कम वाचून दाखवली आणि ठेव मोडायची का विचारलं, तिने वर पाहिलं. मग त्यांनीच शाईचं पॅड धरून तिचा अंगठा उमटवला. घरातल्या मोठ्यांची खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी, करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

२१ फेब्रुवारीला व्हेंटिलेटर सुटला. ५ मार्चला गळ्यातली नळी निघाली. खरखरीत आवाजात ती पहिलं वाक्य बोलली ते माझ्या मुलाबद्दल, "त्याची परीक्षा कधीय?" ११ मार्चला डिस्चार्ज. ५१ दिवस. एकूण बिल १३ लाख ४० हजारांच्या घरात, त्यात ट्रस्टच्या समाजसेवा विभागाने ६० हजारांची सूट दिली. ती अर्ज केल्यावर मिळाली, आपणहून कुणी सांगितलं नव्हतं. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर एमएसडब्ल्यूंना, म्हणजे तिथल्या समाजसेवकांना, भेटाच. ग्लव्ह्ज, मायक्रोपोर, डोळ्यांचे थेंब यांचा खर्च विम्यात बसला नाही. अंतिम मंजुरीसाठी त्या दिवशी आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच बसून होतो, आई व्हीलचेअरवर. डिस्चार्जच्या दिवशी थेंब, मलम आणि दुपारचं पातळ जेवण सोबत ठेवा.

घरी आल्यावर हॉस्पिटलची खाट भाड्याने आणली, महिना ३,५००. एअर बेड ४,२००. दिवसाला मावशी ठेवल्या, बारा तासांचे ९००. फिजिओ रोज, ६०० रुपये. आईला मान धरता यायची, हात खांद्यापर्यंत, पाय जवळजवळ नाहीत. पाऊल खाली लोंबू नये म्हणून रात्री आधाराचं स्प्लिंट. कुठेही हात लावला तरी अंग दुखायचं, चादरसुद्धा बोचायची. नस परत येताना असं होतं म्हणे, आणि त्यासाठी वेगळं औषध असतं. 'सहन कर' म्हणून आपण उगाच तीन आठवडे काढले याचं मला आजही वाईट वाटतं.

पण घरी माझी खरी ड्यूटी डोळ्यांची. फोनवर तासाचा गजर. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची, महिन्यानंतर उरली तरी फेकायची. आईच्या खोलीतला छताचा पंखा मेनमधूनच बंद केला, चुकून कुणी बटण दाबू नये म्हणून. फोडणी देताना तिच्या खोलीचं दार लावायचं, झाडू तिच्या खोलीत नाही, फक्त ओलं पुसणं. उदबत्ती बंद. दिवसा बाजूने बंद असलेला गॉगल, दीडशे रुपयांचा, धुळीसाठी मोटरसायकलवाले वापरतात तसला. १३ मार्चला खाली सोसायटीत होळी पेटली तेव्हा आम्ही खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो. पुरणाची पोळी दुधात कुस्करून आईने चार घास खाल्ले.

रात्रीचं काम अवघड. पट्टी लावायची, आणि दोन वाजता उठून ती सुटली नाही ना बघायचं. दादा फोनवर रोज विचारायचा. आपल्याकडे 'डोळे मिटले' म्हणजे काय ते सांगायला नको, म्हणून आम्ही ते शब्द घरात वापरत नव्हतो. "पापणी लागली का?" एवढंच विचारायचा तो. मी म्हणायची, "दोन मिलिमीटर राहिलीय." खरंच मोजत होते मी, मुलाची पट्टी शेजारी धरून. सुरुवातीला डावा डोळा तीन मिलिमीटर उघडा. गुढीपाडव्याला अडीच. १० एप्रिलला एक.

१६ एप्रिलच्या रात्री थेंब टाकून मी मलम काढायला वळले, आणि परत पाहिलं तर डावी पापणी लागलेली होती. झोप लागली होती तिला. मी टॉर्च लावून कड तपासली. फट नव्हती. हातात मायक्रोपोरची पट्टी तशीच घेऊन मी बराच वेळ खाटेशी उभी होते. दादाला रात्री सव्वाअकराला मेसेज केला : लागली.

उजव्या डोळ्याचे टाके ६ मे रोजी काढले. तो डोळा पूर्ण मिटायला जून उजाडला. बुबुळाच्या खालच्या कडेला एक पुसट पांढरा डाग राहिलाय. खालची ओळ वाचताना आई पेपर जरा वर धरते, एवढंच. त्या डोळ्याला आजही दिवसातून चार वेळा थेंब लागतात आणि सहा महिन्यांनी तपासणी असते. जूनपासून ती वॉकरने चालायला लागली, दिवाळीत काठीवर आली. तळपायांना अजून मुंग्या आहेत. जिना नको म्हणते.

ऑगस्टच्या तपासणीला गेलो तेव्हा आम्ही आयसीयूच्या दाराशी सिस्टरांना भेटलो. त्यांनी विचारलं, "बाई, तो अक्षरांचा पुठ्ठा आहे का हो अजून? आमच्याकडे एक पेशंट आहे, बोलता येत नाही." माझा पुठ्ठा पार मळला होता. आई म्हणाली, मी नवा लिहून देते.

तिची बोटं अजून लवकर थकायची. तीन दिवस लागले तिला. रोज दोन-तीन ओळी, जाड काळ्या मार्करने, प्रत्येक अक्षर वाटीएवढं. लॅमिनेट करायला मी चौकात नेलं, ४० रुपये. दुकानात काउंटरवर ठेवल्यावर नीट पाहिलं. रेषा थरथरलेल्या होत्या, पण ख तिने शाळेतल्यासारखाच काढला होता, खालची गाठ वळवून पुढच्या दांड्याला जोडलेला, कुणी 'रव' वाचू नये म्हणून.